वाचकांचे प्रश्न : मानसोपचार वॉर्डात बोलायचं कसं, थांबायचं कुठे

मानसोपचार परिचर्येबद्दलचे प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात सांगितलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं नर्सिंगच्या विद्यार्थिनींची आली, त्याखालोखाल घरी पेशंट सांभाळणाऱ्यांची. उत्तरं या विषयात काम करणाऱ्या आणि तो शिकवणाऱ्या परिचारिकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग चालू आहे. माझ्या पेशंटला वाटतं की किचनमधले लोक त्याच्या डाळीत विष घालतात. मी म्हटलं, ‘दादा, असं काही नसतं, सगळे तेच जेवतात.’ तेव्हापासून तो माझ्याशी बोलतच नाही. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तो तुटतो. आणि प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये (पेशंटशी झालेल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीत) हे लिहायचं कसं?
– विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुमचा हेतू चांगला होता, पण त्याच्या जागी बसून पाहा. समोरचा पंखा तुम्हाला जितका खरा दिसतो, तितकं ते विष त्याला खरं आहे. पुरावे देऊन भ्रम हलत नाही. उलट तुम्ही वाद घातलात की तुम्हीही किचनवाल्यांना सामील, असा हिशोब त्याच्या मनात लागतो. आणि ‘हो, घालत असतील’ म्हणालात तर संशयाला साक्षीदार मिळतो, तोही गणवेशातला.

म्हणून विषाबद्दल बोलू नका, भीतीबद्दल बोला. ‘जेवणात काहीतरी आहे असं वाटलं तर घास घशाखाली उतरणं कठीणच. खूप भीती वाटत असेल.’ एवढं बोलून थांबा. तो विचारेल, ‘तुम्हाला पटतं का?’ हे टाळायचं नाही. ‘मला तसं दिसत नाही. पण तुम्ही घाबरलायत हे मला दिसतंय.’ हे एकदाच, आवाज न चढवता. दुसऱ्यांदा पटवायला जाऊ नका, बोलणं हातातल्या कामाकडे वळवा : ‘आज काय खाता येईल ते बघू या.’ न सोललेलं केळं, कवचासकट उकडलेलं अंडं, बंद पुड्यातली बिस्किटं, सील न फोडलेली पाण्याची बाटली. जमत असेल तर मोठ्या भांड्यातून त्याला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्या. किती खाल्लं ते चार्टवर लिहा आणि आठवड्याला वजन करा. त्याच्यादेखत मैत्रिणीशी कुजबुजणं, हसणं, त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणं पूर्ण बंद ठेवा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका.

गोळी डाळीत किंवा चहात मिसळून देऊ का, असं घरून आलेल्या पत्रांतही विचारलंय. नको. ती एकदा सापडली की त्याचा संशय खरा निघाला, आणि तोही तुमच्याच हातून. त्यापेक्षा गोळी का नको ते विचारा. सुस्ती, लाळ गळणं, हात थरथरणं, वजन वाढणं यांपैकीच काहीतरी बहुधा निघतं आणि मात्रा किंवा वेळ बदलून डॉक्टर त्यावर उपाय करू शकतात. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही काही औषधांना आहे.

आता तुटलेल्या संवादाचं. रोज एकाच वेळी जा. खुर्ची समोर नको, थोडी तिरकी, हाताच्या अंतराबाहेर. ‘मी दहा मिनिटं इथे बसते. बोलायलाच हवं असं नाही.’ आणि बरोबर दहा मिनिटांनी, ‘उद्या साडेदहाला येते’ सांगून उठा. तो बोलला नाही म्हणून पाचव्या मिनिटाला उठू नका, बोलायला लागला म्हणून तास घालवू नका. संशयी माणसाशी शब्दांपेक्षा पाळलेली वेळ जास्त बोलते. नर्स आणि पेशंटचं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हे अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये मांडलं. त्यांनी सांगितलेल्या ओळखीच्या टप्प्यात तुमचं नाव, पोस्टिंग कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्याने सांगितलेलं तुम्ही कोणाला सांगणार, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करायचं असतं. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन कधीही देऊ नका. ‘तुमच्या उपचारासाठी लागेल ते मी इन्चार्ज सिस्टरना सांगेन’ असं म्हणा. पोस्टिंग संपत असल्याचंही शेवटच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी सांगा.

प्रोसेस रेकॉर्डिंग त्याच्यासमोर लिहायचं नाही. भेट संपल्यावर तासाभरात बसा, नाहीतर त्याच्या वाक्यांच्या जागी तुमची वाक्यं येतात. चार रकाने आखा : तो काय म्हणाला आणि हावभाव, तुम्ही काय म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं, आणि तुम्ही वापरलेलं तंत्र कसं ठरलं. पहिल्या रकान्यात ‘पेशंट संशयी होता’ असं लिहू नका, ‘डाळीत पांढरी पावडर होती, मी पाहिली’ हेच लिहा. नावाऐवजी आद्याक्षरं. तिसरा रकाना बहुतेक मुली कोरा सोडतात, आणि शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच असतं. ‘मी घाबरले, पटकन काहीतरी बोलून टाकलं’ हे लिहायला लाजू नका. तुमचं ते ‘असं काही नसतं’ही जसंच्या तसं लिहा, चौथ्या रकान्यात ‘असहमती, संवाद थांबला’ आणि खाली सुचलेलं दुसरं वाक्य. चांगल्या ट्यूटर झाकपाकीपेक्षा याला गुण देतात. तपासताना हमखास सापडणाऱ्या चुका म्हणजे ‘का’ने सुरू होणारा प्रश्न (तो उलटतपासणीसारखा लागतो), एका दमात दोन प्रश्न, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’, आणि शांतता सहन न होऊन मध्येच बोलणं. शांतता पडली तर मनात दहा आकडे मोजा. बरेचदा आठव्या आकड्याला तो स्वतःच बोलतो.

प्रश्न : माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाला आवाज ऐकू येतात. ओपीडीतल्या सिस्टरनी त्याला सरळ विचारलं, ‘आवाज काय म्हणतात?’ आम्ही घरात तो विषयच काढत नाही. असं विचारून ते वाढणार नाहीत का?
– आई, सांगली

उत्तर : विचारल्याने आवाज वाढत नाहीत, ताई. न विचारल्याने मात्र सर्वांत महत्त्वाची माहिती राहून जाते : ते त्याला काही करायला सांगतात का. सिस्टर साधारण या क्रमाने विचारतात. आत्ता येतायत का? एक आहे की अनेक? ओळखीचा आवाज आहे का? काय म्हणतात? काही करायला सांगतात का? ते करावंच लागतं असं वाटतं का? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.

घरी हे वाक्य पुरतं : ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय हे मी मानते.’ दिवसातून एकदा विचारलंत तरी भरपूर. सारखं विचारत राहिलात तर घरात दुसरा विषयच उरत नाही. तो वाक्य अर्धवट सोडतो, मान एका बाजूला कलते, ओठ नुसतेच हलतात, हे दिसलं की आवाज चालू असावेत असं समजून त्याला नावाने हाक मारा आणि छोटं काम द्या.

गुणगुणणं, मोठ्याने वाचणं, कुणाशी तरी बोलणं, इअरफोनवर गाणी किंवा बातम्या ऐकणं यांनी अनेकांचे आवाज मागे सरतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, म्हणून एक उपाय चार-पाच दिवस करून पाहावा. वहीत आठवडाभर नोंद ठेवा : किती वाजता, तेव्हा काय करत होता, जोर ० ते १० पैकी किती. संध्याकाळी एकटा असताना, जागरणानंतर असा काहीतरी धागा सापडतो, मग दिवसाची आखणी त्याप्रमाणे बदलता येते. ही वही पुढच्या वेळी सिस्टरना दाखवा. गोळ्या अर्थातच चालू ठेवायच्या.

प्रश्न : रात्रपाळीला वॉर्डात मी आणि एक सिस्टर, पेशंट तीसच्या वर. एखादा अंगावर धावून येतो तेव्हा आम्ही त्याला पलंगाला बांधतो, दुसरा इलाज नसतो. हे कायद्यात बसतं का? आणि न बांधता काय करायचं?
– स्टाफ नर्स (ब्रदर), विदर्भ

उत्तर : कायद्याचं उत्तर आधी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ नुसार बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा इतरांना होऊ घातलेली इजा टाळायचा दुसरा मार्गच नाही, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावर बांधता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे, साखळी तर कोणत्याच स्वरूपात चालत नाही. बांधण्याची पद्धत, कारण आणि कालावधी केस पेपरवर लगेच लिहायचा, पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. तीस पेशंटमागे दोघं ही अडचण खरी आहे आणि तिचा भार तुमच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे. म्हणून प्रत्येक घटनेच्या नोंदीत त्या वेळी ड्युटीवर किती जण होते हा आकडा लिहा आणि वरिष्ठांना लेखी द्या. तोंडी तक्रार कुठेच टिकत नाही.

आता वॉर्डातलं. धावून येण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात : येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढत जाणारा आवाज, तीच मागणी पुन्हा पुन्हा. कारण साधं असतं. फोन करू दिला नाही, तंबाखू मिळाली नाही, सुट्टी पुढे ढकलली, किंवा आवाज धमकावतायत. तेव्हाच जवळ जा, पण दोन हातांचं अंतर ठेवून. अगदी समोर नको, किंचित तिरकं उभं राहा, हात दिसतील असे. दाराची वाट तुम्हालाही मोकळी हवी आणि त्यालाही. बोलायचं एकानेच, दुसऱ्याने बाकीच्या पेशंटना बाजूला न्यायचं. वाक्यं चार-पाच शब्दांची. ‘मी ऐकतोय. काय झालं ते सांगा.’ मग थांबा, त्याला वेळ लागतो. खरोखर देता येतील असे दोन पर्याय द्या : ‘इथे बसायचं, की व्हरांड्यात?’ त्याची मागणी पूर्ण होणार नसेल तर खोटं ‘उद्या नक्की’ म्हणू नका. डॉक्टरांचा आदेश असेल तर आधी गोळी देऊ करा.

हे फसतं ते बहुधा आपल्याकडूनच. चौघं एकदम गोळा होतात, गार्ड काठी घेऊन उभा राहतो, तीन तोंडं एकाच वेळी ‘शांत व्हा’ म्हणतात. सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे ‘गप्प बस, नाहीतर सुई देईन’. त्यानंतर इंजेक्शन त्याच्यासाठी शिक्षाच होऊन बसतं आणि बरा असतानाही तो ते नाकारतो.

तरीही बांधावं लागलंच, तर पाच जण हवेत : हातापायांना चौघं, आणि डोक्याशी एक, जो त्याच्याशी बोलत राहील. रुंद, मऊ पट्टे वापरा, दोरी किंवा गॉज बँडेज नको. गाठ पलंगाच्या न हलणाऱ्या सांगाड्याला; साइड-रेलला बांधली तर रेल खाली करताना हात पिरगळतो. उताणा किंवा कुशीवर, डोकं थोडं उंच. पालथा कधीही नाही, छातीवर-पाठीवर गुडघा नाही, श्वास अडकून माणूस दगावतो. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, श्वास पाहा. पाणी आणि लघवी विचारा, तो मागेल याची वाट पाहू नका. हातपाय आळीपाळीने मोकळे करून हलवा, आणि तो शांत होताच एकेक पट्टा सोडा. इंजेक्शन दिलं असेल तर नाडी, बीपी, श्वास आणि शुद्ध यांची नोंद.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मान एकीकडे पिळली जाणं, डोळे वर चढणं, जबडा आखडणं हे होऊ शकतं, तरुण पुरुषांत जास्त. वॉर्डात याला ‘नाटक करतोय’ म्हटलं जातं. ते नाटक नाही, औषधाने स्नायू आखडलेत आणि ते फार दुखतं. डॉक्टरांना लगेच बोलवा. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने ते बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

दुसऱ्या दिवशी तो शांत असताना विचारा, ‘काल कशाने इतका राग आला? आम्ही काय केलं असतं तर बरं झालं असतं?’ त्याचं उत्तर केस पेपरवर लिहा, म्हणजे पुढच्या रात्रपाळीला ते वाचायला मिळेल.

प्रश्न : पेशंटला आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जातो, असं आमच्या सीनियर म्हणतात. खरं का?
– परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : नाही. विचार आधीच असेल तर कुणीतरी विचारल्याने सुटका वाटते. अडतं ते आपल्या भाषेपाशी. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ हा प्रश्न विचारतानाच आपण ‘नाही’ मागतो, आणि पेशंट ते देतो. सरळ विचारा : ‘जगणं नकोसं वाटतं का?’ हो म्हणाला तर, ‘स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का?’ मग, कसं आणि कधी याचा विचार केलाय का, तयारी केलीय का, आधी कधी प्रयत्न झालाय का. आणि शेवटी, ‘आजवर कशामुळे थांबलात?’ या शेवटच्या उत्तरात पुढच्या कामाचं सूत्र असतं.

‘पुन्हा असं करणार नाही, वचन द्या’ यावर विसंबू नका. वचनाने धोका कमी होत नाही, फक्त पेशंट पुढच्या वेळी सांगायचा थांबतो. त्याऐवजी त्याच्याबरोबर बसून एक कागद लिहा, शब्द त्याचे : विचार येऊ लागले की आधी काय जाणवतं, एकट्याने काय करून मन वळवता येतं, कोणाकडे किंवा कुठे जाऊन बसता येतं, कोणाला सांगता येतं (नाव आणि नंबर), कोणत्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण उचलून ठेवणार. हा कागद फाइलमध्ये नाही, त्याच्या खिशात हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

वॉर्डातली फेरी घड्याळाच्या ठोक्याला नको. दर पंधराव्या मिनिटाला तुम्ही येता हे त्याला कळतं. कधी सात, कधी बारा मिनिटांनी जा. धोका फार असेल तर सतत एक जण जवळ. पाळी बदलताना हँडओव्हर टेबलापाशी उरकू नका, त्या वेळी वॉर्डावर कुणाचीच नजर नसते. औषधं लागू पडून अंगात हुशारी येऊ लागते तेव्हा जास्त सावध राहा, कारण निराशा जायच्या आधी शक्ती परत येते. खूप अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत झाला, वस्तू वाटू लागला, तर हायसं वाटून घेऊ नका, पुन्हा विचारा. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडाही असाच नाजूक. त्यात एक फोन करा. पोलीस केसची भीती नातेवाईकांना असते, त्यांना सांगा : मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, उलट सिद्ध होत नाही तोवर, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

प्रश्न : सासूबाईंना डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे. दिवसभर पडून असतात. नणंदबाई म्हणतात, त्यांना रोज सकाळी फिरायला न्या, मन रमवा. त्या उठतच नाहीत.
– सून, नाशिक

उत्तर : फिरायला नेण्यात चूक नाही, पण ती दहावी पायरी आहे. डिप्रेशनमध्ये ‘वाटलं की करेन’ हे चालत नाही, कारण वाटतच नाही. आधी थोडं करायचं, वाटणं मागून येतं. पहिले तीन दिवस काही बदलू नका, त्या कधी काय करतात आणि मन कसं आहे (० ते १०) एवढंच टिपा. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट जाते, म्हणून सुरुवात अकरानंतर. आजारापूर्वी त्या आवडीने काय करत? तुळशीला पाणी घालत असतील तर पहिले दोन दिवस फक्त पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून पाच मिनिटं बसणं, मग खिडकीपर्यंत, मग तांब्या हातात. लागलंच तर मेथीची अर्धी जुडी निवडायला द्या, पूर्ण नको. उरलेली पाहून त्यांना हरल्यासारखं वाटतं. ‘उठा हो’ म्हणण्यापेक्षा शेजारी बसून तुम्हीही निवडा. नंतर ‘शाब्बास’ नको, ‘आज तुम्ही मेथी निवडलीत’ एवढं पुरे.

उतारवयात पहिल्यांदाच असं झालं असेल तर थायरॉइड, बी-१२ आणि स्मरणशक्ती तपासली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी खाणंपिणं सोडलं, तर एक दिवसही थांबू नका, दवाखान्यात न्या.

प्रश्न : मिस्टर लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) घेतात. बीपी निघालं म्हणून मी जेवणातलं मीठ एकदम बंद केलं. चालेल का?
– वाचक, बार्शी

उत्तर : एकदम बंद करू नका. शरीरात मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. मीठ रोज सारखं ठेवा, पाणी पुरेसं, उन्हाळ्यात आणि घामाच्या कामात जास्त. बीपीच्या डॉक्टरांना लिथियम चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, शिवाय बीपीच्या इतर काही गोळ्यांनीही, पातळी वाढते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही तेच होतं. रक्ताची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. नेहमीच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर राखतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती. बोटांची बारीक थरथर चालते. पण हात ठळकपणे कापू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी लिथियमची पातळी तपासून घ्या.